गिरिजाचा पाय आणि गाडीचा सेन्सर

आमच्या घरात एक गोष्ट आहे, जी फक्त मला आणि आमच्या गाडीला ठाऊक आहे. गाडी बोलत नाही. मी बोलतो, भरपूर बोलतो, पण हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही — भावाला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

ती म्हणजे गिरिजा, माझी बायको. आधी तिच्याबद्दल सांगतो. टाळाटाळ करतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तंजावरच्या आमच्या मराठी घरांतल्या तिच्या वयाच्या बायका बहुधा मोपेडवर थांबल्या. गिरिजा पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. ड्रायव्हिंग क्लासमध्ये सांगितलेलं अक्षर न् अक्षर तिने पाळलं. पट्टा लावायची, आरसा बघायची, चौकात थांबली की ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलायची. तिरुवैयारूला ती मुलींना गाणं शिकवायला जाते. आधी बसने जायची, मग ऐटीत स्वतः गाडी घेऊन जाऊ लागली. निघताना हॉर्न वाजवायची — काही गरज नसताना! मी तेव्हा नुकताच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो. दारात उभा राहून हात हलवायचो आणि आत येऊन वाचलेलाच पेपर पुन्हा वाचायचो.

मग गाडी बिनसली. उभी असली की थरथरायची, मिसिंग करायची, आणि एकाएकी बंद पडायची. पण बंद पडायची ती फक्त गिरिजाच्या हातात. मी चालवली की शहाण्यासारखी चालायची. मग दोष कुणाचा? मी इंजिनियर माणूस — मला विचार करायची गरजच वाटली नाही. क्लच नीट धरत नाहीस, म्हणालो. समोर एक पिवळा दिवा लागायचा, विझायचा. तिने तो मला दाखवलाही. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, म्हणालो.

तिरुवैयारूच्या रस्त्यावर नदीमागून नदी लागते आणि जुने पूल अरुंद आहेत. समोरून काही आलं की थांबावंच लागतं. त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो होतो. एका पुलाच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली, आणि ती बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. मागे बस, बसमागे पेंढ्याने लादलेला ट्रॅक्टर, सगळ्यांचे हॉर्न. बसचा कंडक्टर उतरून खिडकीशी आला. आणि मी — घरी आम्ही मराठीच बोलतो, पण त्यालाही कळावं म्हणून मुद्दाम तमिळमध्ये — म्हणालो, हिच्या पायाला अक्कल नाही.

गिरिजा खाली उतरली, वळसा घालून माझ्या दाराशी आली. "पोदुम," म्हणाली. पुरे झालं. "इथून पुढें तुम्हींच चालवा. मज हें जमायचें नाहीं."

हीच माझी चूक, असं तुम्हाला वाटेल. नाही हो. त्याबद्दल मी घरी येऊन माफी मागितली, तीही हसली. मला सांगायचंय ते पुढचं.

काही दिवसांनी मी फोनला जोडायचा एक छोटा स्कॅनर मागवला. तो स्टिअरिंगखाली लावला की इंजिनात काय चाललंय ते फोनवर दिसतं — रिकाम्या इंजिनियरचं खेळणं. प्लग बघितले, हवेच्या नळ्या बघितल्या, सगळं ठीक. मग ऑक्सिजन सेन्सर. तो सायलेन्सरच्या नळीत बसतो, धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत राहतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. इंजिन गरम झालं की त्याची रेघ सतत वरखाली व्हायला हवी. आमची नुसती आडवी पडून होती. सेन्सर खोटं सांगत होता, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, इंजिन गुदमरत होतं.

मग माझ्या हातात का बंद पडत नव्हती? खाली वाकून माझाच पाय बघितला. मी शिकलो खात्याच्या खटारा जीपवर. थांबलो तरी ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवायची जुनी खोड. पाय उचलला. गाडी थरथरली आणि बंद पडली. गिरिजा नियमाने चालवत होती, म्हणून तिच्या हातात ती बंद पडायची. एवढंच.

ती आत डोसे घालत होती. हाकेच्या अंतरावर. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मित्राला भेटायचं सांगून पापनाशमला गेलो आणि तिथे सेन्सर बदलून आणला. तंजावरात काय गॅरेजेस नाहीत? आहेत — पण आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने तिला सांगितलं असतं.

का केलं असं? लाज वाटली म्हणा. पण लाज किती दिवस पुरते? खरं सांगू — तोवर मी तिला तिरुवैयारूला नेऊ लागलो होतो. जाताना ती आज शिकवायचं ते गुणगुणते. येताना कोण बेसूर गायलं, कुणाचं लग्न जमलं, सगळं सांगते. तिचा वर्ग होईपर्यंत मी कावेरीच्या घाटावर बसतो, तिने दिलेले मुरुक्कू, म्हणजे आपल्या चकल्या, खात. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. ती गाडी घेऊन गेली की मी मागे उरायचो. मला मागे उरायचं नव्हतं. म्हणून तिच्या पायावरचा आळ मी तसाच राहू दिला.

आणि तिने त्याची थट्टा करून टाकली. लग्नकार्यात सांगते, माझ्या पायाला अक्कल नाही, ह्यांनीच शोधून काढलंय! सगळे हसतात. मीही हसतो. गेल्या महिन्यात मुलगी गाडी शिकते म्हणाली, तेव्हा गिरिजा तिला म्हणाली, "शीक हो. पण आधीं बघ, माझा पाय तुज आला नाहीं ना?" आणि पोरीने खरोखरच आपल्या पायांकडे बघितलं. मी समोरच बसलो होतो.

आता हे लिहिलं, म्हणजे सांगितलं असं होत नाही. गिरिजा माझ्याहून गोड मराठी बोलते, पण वाचते तमिळ. देवनागरी तिला येत नाही, मुलीलाही नाही. मी तरुणपणी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा शिकलो. मला हे तमिळमध्ये लिहिता आलं असतं. मघाशी ती कॉफी ठेवायला आली, कागदावर वाकून म्हणाली, "काय लिहितां हो एवढें?" पेन्शनचं, म्हणालो. कागद झाकायचीही गरज पडली नाही.