पायरीवरचे बूट

पायात नुसते मोजे, खाली गारठलेलं डांबर आणि समोर आपलेच बूट हातात धरून उभा पोलीस. आलाय का कधी असा प्रसंग तुमच्यावर? नसेल, तर "ड्रायव्हर लोक खोटारडे" हे वाक्य आधी गिळा आणि स्मारांदाचं ऐका.

स्मारांदा रोमानियातल्या बोतोशानीची. गावात सिटी बस चालवून वैतागली, मोठ्या ट्रकचं लायसन काढलं आणि आमच्यासारखीच लांबच्या लाइनला लागली. पहिली फेरी तुदोरकाका नावाच्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली. त्याने चांगला शेरा दिला तरच तिला स्वतःची गाडी मिळणार होती, आणि तुदोर तर तिला बघताच भडकला.

"बसवाली ना तू? मग इथे काय तिकिटं फाडायला आलीस?"

"तिकिटं कंडक्टर फाडतो, काका. बसमध्ये बसला नाहीत वाटतं कधी."

हंगेरी गेलं, ऑस्ट्रिया गेलं, दोघांची तोंडं थांबली नाहीत. ती गाडी मागे घेत असली की हा खाली उभा राहून शिव्या घालायचा, ती काच उतरवून परतफेड करायची. एकाच गोष्टीवर दोघांचं पटलं. "केबिन म्हणजे घर. बूट घालून आत पाय टाकलास तर पाय मोडीन," तुदोर म्हणाला, आणि तिने मुकाट्याने बूट काढले. तिच्या आईच्या दारातही हीच शिस्त होती.

जर्मनीत रविवारी ट्रक हलत नाहीत. हमरस्त्याकडेचा तळ गच्च भरलेला. आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, मालकाने नीट पलंग द्यायचा, असा कायदा आहे. मालकाने काय दिलं? फोन. पलीकडून गाड्यांच्या फेऱ्या लावणारा मालकाचा माणूस, रझवान, बोलत होता.

"कोणी विचारलं तर हॉटेलात झोपलो म्हणायचं. स्मारांदा, गाडी हवीये ना तुला?"

"हवीये."

"मग तू हॉटेलात झोपलीस."

तुदोरने आपले बूट पिशवीत घालून सीटखाली सारले. त्याची जुनी सवय. स्मारांदाने तिचे बाहेरच्या पायरीवर ठेवले, घरी ठेवतात तसे, टोकं बाहेर करून. पडदे ओढून दोघं झोपली.

सकाळी दारावर थाप. तुदोर उडी मारून खाली, मागोमाग नुसत्या मोज्यांवर स्मारांदा. "हॉटेल, हॉटेल! आत्ताच आलो, चहा करायला." पोलिसाने बूट उचलले. त्यांवर पांढरं दव गोठलं होतं.

"हे तेवढे हॉटेलात गेले नाहीत वाटतं," तो म्हणाला आणि स्मारांदाकडे वळला. "तुम्ही कुठे झोपलात?"

"हॉटेल म्हण, बाई!" तुदोर आपल्या भाषेत गुरगुरला. "गाडी जाईल तुझी!"

तिची नजर त्या गोठलेल्या बुटांवर होती. डोकं सणकलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ती म्हणाली, "इथेच झोपलो. या फळीवर. हॉटेल फक्त मालकाच्या तोंडात आहे, तिथे पलंग मावत नाही."

दंड मालकावर बसला. रझवान फोनवर किंचाळला, "विसर आता गाडी!"

तुदोरने गॅसवरची चरबी-कांद्याची कढई तिच्यासमोर आदळली. "मूर्ख बाई! बूट आत घ्यायचे एवढंही कळत नाही?"

"घराबाहेर काढायचे असतात. तुम्हीच म्हणालात, हे घर."

तो थुंकला. पण नंतर दुसऱ्या कंपनीने त्याला तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा एवढंच बोलला, "गाडी चांगली चालवते. तोंड घाण आहे." तेवढ्यावर तिला गाडी मिळाली.

अजूनही ती बूट बाहेरच ठेवते, टोकं बाहेर करून. मोठ्या विश्रांतीला नवा मालक पलंग देतो. तिने तो भांडून घेतलाय. पण रोजची झोप ट्रकमध्येच. आणि तुमच्यासारखे सुट्टीवर निघालेले सभ्य लोक त्या बुटांना लाथ मारतात, त्यात सिगारेटी विझवतात, पत्र्यावर थापा मारून पोरांना हसवतात.

तेव्हा एवढं करा. ट्रकच्या पायरीवर बूट दिसले तर हात खिशात ठेवा, तोंड बंद ठेवा आणि पुढे चालू लागा. आत कुणीतरी झोपलंय.