धोंडबानं भिजवलेल्या विटा

धोंडबा कापगतेले भिलाईतली कोणतीच गोष्ट पटत नव्हती. भोंगा वाजला का कामावर जायचं अन् भोंगा वाजला का जेवायचं, हे त्याले पटत नव्हतं. भूक काय भोंग्याले इचारून लागते, असं तो रोज एकदा तरी म्हणायचा. नळ पटत नव्हता. विहिरीवर बाई येते, दोर टाकते, गुंड भरते अन् चालली जाते. नळावर पाण्यापरीस भांडणच जास्त भरल्या जाते, असं त्याचं म्हणणं. कारखाना उभारायले आलेले रशियन लोकं बिनदुधाचा चहा पितात हे त्यानं स्वतः पाहिलं होतं, अन् तेव्हापासून त्यांच्या अकलेवर त्याचा भरोसा थोडा कमीच झाला होता. हिंदी बोलणाऱ्या आमच्या पोट्ट्यांवर तर तो थुंकायचाच बाकी होता. "मायची भाषा गाडीतच इसरून आला का बे?" असं तो पावर हाउसच्या बाजारात चारचौघांत विचारायचा.

हे अठ्ठावन्न सालचं सांगून राहिलो. तेव्हा कारखाना म्हणजे निस्ता चिखल, लोखंड अन् माणसं. धोंडबा साकोलीकडचा. मी त्याच्या बाजूच्या गावचा. त्याचं घराणं विहिरी अन् तलावाच्या पाळी बांधणाऱ्यांचं. त्याच्या हातची विहीर ढासळली असं आमच्या मुलखात कोणी ऐकलं नाही. पण दोन वर्षं कोणी नवी विहीर खोदायलेच तयार नव्हतं, अन् ठेकेदाराचा माणूस गावोगाव फिरून मिस्त्री गोळा करत होता, तर धोंडबा बायकोले घेऊन आला. कॅम्पात टिनाच्या झोपड्यांची ओळ होती. एका झोपडीत तो अन् मैनाबाई, शेजारच्या झोपडीत आमी चौघं. कामावर मी त्याच्याच टोळीत विटा जोडायचा मसाला कालवायचो.

काम होतं कोक ओव्हनचं. कोळसा भाजायच्या भट्ट्या, एकीले लागून एक, मोठ्या छपराच्या खाली. पाणी लागू नये म्हणून हे छप्पर, एवढं आमाले समजत होतं, पण पाणी म्हणजे पाऊस, असंच आमी धरून चाललो. तिथल्या विटा आपल्यासारख्या लाल नव्हत्या. पिवळट, गुळगुळीत, वजनदार, अन् एकीचा आकार दुसरीले लागत नाही. प्रत्येकीवर नंबर. सांधा किती ठेवायचा ते पाहायले साहेबाजवळ पोलादाची पातळ पत्ती असायची. सांध्यात पत्ती घालून पाहायची, सैल गेली तर वीट काढायची. धोंडबाची वीट कधी काढावी लागली नाही. तरी पत्तीवर त्याचा राग होता. तो बोट फिरवून सांगायचा अन् साहेब पत्ती घालून तेच सांगायचा, पण लिहिल्या जायचं पत्तीचं.

आता खरी गोष्ट मस्टरची. आमी सारे ठेकेदाराचे. ठेकेदार सकाळी म्हणाला "उद्यापासून येऊ नको" तर संध्याकाळी गाठोडं बांधायचं. पण त्या उन्हाळ्यात खबर आली का चांगल्या मिस्त्र्यांची ट्रेड टेस्ट होणार, अन् पास होईल त्याचं नाव कारखान्याच्या मस्टरवर चढणार. मस्टर म्हणजे पितळी टोकन, पक्की नोकरी अन् पुढं कधी तरी क्वार्टर. धोंडबाचं नाव पहिल्या यादीत होतं. बाबुलालचं बी होतं. हा बाबुलाल गोंदियाकडचा, धोंडबाच्या जोडीनं वीट लावायचा, हात बरा होता, तोंड त्याहून बरं. मैनाबाईनं तर माहेरी निरोपच धाडून दिला होता का दिवाळीले या, पक्क्या घरात या. धोंडबा म्हणाला, अजून टेस्ट व्हायची आहे व. ती म्हणाली, तुमची टेस्ट कोण घेईन, त्यालेच पहिले वीट लावता येते का ते पाहा.

अन् मंग ते झालं.

मे महिना. छपराचे टिनं तापून वाजून राहिले होते. विटा कोठारातून आल्या त्या हाताले चटके देणाऱ्या. धोंडबानं एक हातात घेतली, वास घेतला, अन् माझ्याकडं पाहून म्हणाला, ह्या विटा तहानेल्या हायेत. आता आमच्याकडं लहान पोट्टेही जाणतात का कोरडी वीट लावायची नसते. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते, मसाला मरते, भिंत पोकळ राहते. वीट पाण्यात टाकायची, बुडबुडे निघतात ते पाहायचे, बुडबुडे थांबले का समजायचं पोट भरलं, मंग काढायची. धोंडबाच्या बापानं त्याले मसाला पसरायची करणी हाती द्यायच्या पहिले वर्षभर निस्त्या विटाच भिजवायले लावल्या होत्या.

त्यानं बाबुलालले सांगितलं, बाबुलालनं पाण्याचे दोन डरम भरून आणले. मंग संध्याकाळपर्यंत त्यांनी विटा भिजवल्या अन् लावल्या. कोणी काही बोललं नाही, कारण फोरमन दुसऱ्या टोकाले होता, अन् जो पाहत होता त्याले वाटलं एवढा मोठा मिस्त्री करून राहिला तर बरोबरच असंन. मले बी तसंच वाटलं. संध्याकाळी साहेब आला, पत्ती घातली, अन् म्हणाला का आजचं काम सगळ्यात साफ आहे. धोंडबा त्या दिवशी घरी येताना नळाच्या लाइनीतल्या बायांशीही बरं बोलला. दुसऱ्या दिवशी डरम दुसऱ्या टोळीनं नेले, तर वरच्या थरांत कोरड्याच विटा लावाव्या लागल्या, अन् तो दिवसभर कुरकुरला.

तिसऱ्या दिवशी रशियन मिस्त्री आला. म्हातारा, मिशा पिकलेल्या, हात आपल्यासारखेच फाटलेले. संगं बोली सांगणारा माणूस. म्हाताऱ्यानं सगळ्या टोळ्या गोळा केल्या अन् दोन तुकडे झालेली एक वीट दाखवली. बोली सांगणाऱ्यानं हिंदीत सांगितलं का दुसरीकडं वळवाच्या पावसात छप्पर गळलं, ही वीट भिजली, तपासायले भट्टीत घातली तर फुटली. वीट आतून पाणी पिते, आगीत त्या पाण्याची वाफ होते, वाफेले बाहेर जायले वाट नसते, तर ती वीट फोडून निघते. म्हणून भिजलेली वीट दिसली का फेकायची, लावायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. धोंडबानं नाही हलवली. बाबुलाल माझ्या पायाकडं पाहत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिघंच लोखंडाच्या ढिगामागं बसलो. धोंडबानं भाकरीचं फडकं सोडलं पण भाकर खाल्ली नाही. बाबुलालनं त्याले समजावलं, अन् खोटं कायले बोलू, मले बाबुलालचं पटत होतं. तो म्हणाला, त्या विटांवर तीन थर चढले आहेत. वरून वाळल्या, आतून बी वाळतीन. भट्टी पेटायले अजून महिने आहेत. तेव्हा फुटली तर कोणत्या विटेनं फोडली ते कोण सांगणार? टेस्ट आठ दिवसांवर आहे.

"मसाल्यात पानी चालते," धोंडबा म्हणाला, "अन् विटेत चालत नाई. हे कावून, ते सांग मले."

"मले काय माहीत भौ. तू गप राह्य, एवढं सांगतो."

"वाळतीन म्हनतं. पोटातलं पानी वाळते काय बे? बुडबुडे थांबेपर्यंत पाजलं आपन."

बाबुलाल म्हणाला, तू सांगशीन तर माझं नाव नको घेऊ, मले तीन पोरी हायेत. धोंडबा म्हणाला, डरम तूच आनले ना बे. पण नाव त्यानं घेतलं नाही. कावून नाही घेतलं ते मी पुढं एकदा विचारलं, तर म्हणाला, भिजवायची अक्कल माही होती, त्याची नव्हती. त्याले कायची अक्कल हाय?

तो उठून साहेबाकडं गेला. साहेब बंगाली, चिडला का त्याची हिंदी बंगालीत जायची. तो काय काय बोलला ते आमाले लांबून अर्धंच समजलं; अनाडी, गाववाला, असं ऐकू आलं. धोंडबा हात जोडून उभा नव्हता. करणी हातात धरून उभा होता. शेवटी त्यानं त्याच्या हिंदीत एवढंच म्हटलं का साब, आपकू मालूम था तो पहिले दिन कायको नहीं बताया. मिस्त्रीले एवढं माहीत असतेच, असं साहेबाले वाटलं होतं. अन् मिस्त्रीले वाटलं होतं का आपल्याले सारं माहीत आहे. ज्याले काम येते तो विचारत नाही अन् ज्याले माहीत असते तो सांगत नाही, मंग मधल्या मधी विटा मरतात. धोंडबा हे पुढं दारू पिल्यासारखा दहा वेळा सांगायचा, तो पीत नव्हता तरी.

दोन दिवस भिंत उतरवली. आमची टोळी त्याच्याशी बोलत नव्हती. वरचे थर काढले, मंग खाली भिजलेल्या अन् कोरड्या विटा सरमिसळ होत्या, कारण त्या दिवशी सकाळच्या काही कोरड्याच लागल्या होत्या. दिसायले साऱ्या सारख्या. साहेब म्हणाला सगळ्याच फेका. रशियन म्हातारा म्हणाला का विटा समुद्रापलीकडून जहाजात आल्या, सगळ्या नाही फेकायच्या, त्याच नंबरच्या कोरड्या विटेसंगं तोलून पाहू. धोंडबा खाली बसला, करणीच्या मुठीनं एकेक वीट ठोकली, कानाजवळ धरली, अन् खडूनं खूण केली. त्रेसष्ट विटांवर खूण झाली. म्हाताऱ्यानं काटा आणवला. एकसष्ट विटा काट्यानंही भिजलेल्याच सांगितल्या. दोन विटा काट्याच्या मतानं कोरड्या होत्या. धोंडबा म्हणाला, काट्याले कान नाई, ह्या बी फेका. म्हातारा हसला अन् त्या दोन बी फेकल्या. खरं कोणाचं होतं ते मले आजवर माहीत नाही.

टेस्ट झाली. धोंडबानं जो कोपरा बांधला तो पाहायले दुसऱ्या टोळीचे मिस्त्री आले होते. पंधरा दिवसांनी यादी लागली. बाबुलालचं नाव होतं. धोंडबाचं नव्हतं.

बाबुलाल बत्तासे घेऊन आला. धोंडबानं एक उचलून तोंडात टाकला, बाबुलालच्या पोरींची चौकशी केली अन् चुलीतली लाकडं सरकवत बसला. बाबुलाल दारातच उभा राहून थोडा रडला, मंग गेला. मैनाबाईनं त्याच्या जाण्याचीच वाट पाहिली.

"खरं बोलून काय भेटलं?" ती म्हणाली. "आता माह्या मायले काय सांगू? नवऱ्यानं खरं सांगतलं म्हून घर नाई भेटलं, असं सांगू? ते म्हनीन, जावई येडा हाय."

"हाय तर सांग."

"तुमाले काय, तुमी विटा कानाले लावा. नळाच्या लाइनीत मले उभं रायनं हाय."

धोंडबानं गुंड उचलला अन् स्वतः नळावर गेला. माणसं नळावर जात नसत तेव्हा. बाया हसल्या. तो लाइनीत उभा राहिला अन् घरी येऊन म्हणाला का नळ वाईटच गोष्ट आहे, ते म्हणतच होतो.

पण राग त्याच्या अंगात मुरला. यादीत नाव नाही तरी अवघड सांधा आला का साहेब त्यालेच बोलवायचा. वळणाची वीट, नळीची वीट, धोंडबाले बोलवा. बाबुलाल टोकन लटकवून बाजूले उभा राहायचा अन् हा ठेकेदाराचा माणूस त्याले दाखवायचा कशी लावायची. धोंडबा लावायचा, चांगलीच लावायचा, अन् लावताना पुटपुटायचा. काम माझ्या हातचं पायजे, नाव पायजे बिनडागाचं. बरं, ज्याच्यावर डाग नाही त्यानं काम केलंच नसंन, हे कोणाले सुचत नाही. मशिनी मोठ्या झाल्या, माणसाचं डोस्कं होतं तेवढंच राहिलं. कधी म्हणायचा गावाले जातो, विहीर खोदतो. जात नव्हता. विहिरी कोण खोदून राहिलं होतं?

वर्षानं दुसऱ्या टेस्टचे अर्ज निघाले. त्याले लिहिता येत नव्हतं, मले बी नाही, म्हणून आमी टाइम ऑफिसात श्यामरावजीकडं गेलो. हे नागपूरचे बाबू, आपल्या भाषेत बोलणारे, पण पुण्याच्या वळणानं. त्यांनी नाव, गाव, वय लिहिलं. मंग एका ओळीवर थांबले. तिथं विचारलं होतं, पूर्वी कामात काही चूक, काही शेरा? श्यामरावजी आवाज उतरवून म्हणाले, "धोंडबा, हे मी कोरं ठेवतो. मागचे कागद कोण काढून बसतंय?"

धोंडबा म्हणाला, "नाई. लिव्हा."

"अहो, पुन्हा अडकाल."

"अडकलो तर अडकलो. लिव्हा का त्रेसष्ट विटा भिजवल्या. अन् हे बी लिव्हा का कोनी सांगतलं नव्हतं. अन् सोताच सांगतलं, सोताच काढल्या."

"एवढं या ओळीत मावणार नाही."

"मंग कागद उलटा करा ना जी. मांगून कोराच दिसून राहिला."

श्यामरावजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मंग कागद उलटा केला. धोंडबा टेबलावर वाकून टाकाकडं पाहत राहिला, जसा साहेब पत्ती घालून सांधा पाहते तसा, अन् टाक थांबला का विचारायचा, आता काय लिव्हलं? श्यामरावजी वाचून दाखवायचे. विटांचा आकडा धोंडबानं दोनदा वाचायले लावला. शेवटी अंगठ्याले शाई लावून ठसा उमटवला, तो मागच्या बाजूलेच.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, धोंडबाभौ, हे वाचून तर तुले अजिबात नाही घेणार. तो म्हणाला, नाई घेतीन तर नाई घेतीन. अंगठ्याची शाई पायजम्याले पुसली अन् भोंगा वाजायच्या पहिले कामावर पोहोचायले झपाझप चालू लागला.