मी गाळलेली वाक्यं

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी स्टुटगार्टमध्ये निर्वासितांच्या एका हाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, दुभाषी म्हणून जायचे. हिंदी येते, आठवड्यातून एक दुपार मोकळी असते, म्हणून. एकदा एका अफगाण बाईला बाळंतपणानंतरच्या तपासणीला नेलं. माझ्याहून जेमतेम वर्षभराने मोठी, आणि कुशीत चौथं मूल. लहानपणापासून पाकिस्तानातल्या छावणीत राहिल्यामुळे तिला उर्दू येत होती. शेजारी नवरा बसला होता.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पुढचं मूल लगेच नको असेल तर गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, तांबी आहे. तिला काय हवं ते विचारा."

मी नवऱ्याकडे पाहिलं आणि माझे कान तापले. या माणसासमोर हे कसं बोलायचं? शिवाय यांच्यात असलं काही चालत नसणार, हे मीच ठरवून टाकलं. तिला म्हणाले, "आपा, तब्येतीला जपा म्हणतात." डॉक्टरांना सांगितलं, "तिला काही नको आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

त्याच दवाखान्यात मी स्वतः तांबी बसवून घेतली होती.

सात-आठ महिन्यांनी ती हाइमच्या स्वयंपाकघरात भेटली. पोट दिसत होतं.

"छावणीत एक नर्स यायची," कांदा चिरता चिरता ती सांगू लागली. "दर तीन महिन्यांनी इंजेक्शन द्यायची. यांचीही ना नव्हती. इथे कुणाला विचारायचं तेच कळेना. मला वाटलं, डॉक्टर आपणहून विषय काढतील."

गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणाले, "काढला होता. मीच तुम्हाला सांगितलं नाही."

सुरी थांबली. "का?"

"लाज वाटली."

"तुम्ही तर शिकलेल्या आहात," एवढंच ती बोलली, आणि पुन्हा चिरू लागली.

हाइमच्या सोशलवर्कर बाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे आणखीच मेल्यासारखं झालं. पाचवं मूल झालं, मुलगी. त्यानंतरच्या तपासणीला तिने दुसरी दुभाषी मागून घेतली आणि इंजेक्शन सुरू केलं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

मी अजून ते काम करते. आता सोबत आलेल्या नवऱ्याला बाहेर बसायला सांगते आणि अडखळत का होईना, शब्द न् शब्द सांगते. भेटली की ती सलाम करते, विचारपूस करते. धाकटीला मात्र माझ्याकडे देत नाही. मीही हात पुढे करत नाही.