प्रेसचं तेल

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. सातव्या महिन्यात माझा भाऊ बार्शीहून मला न्यायला आला, तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला चहा पाजला, घरामागे नेलं आणि पत्र्याखाली उभी असलेली गाडी दाखवली. "पिंपरीचा दवाखाना कितीसा लांब? दुखायला लागलं की हिला गाडीत बसवतो आणि नेतो." गाडीला तेव्हा चाकं नव्हती. ती विटांवर होती. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू काय म्हणतेस?" मी राहते म्हणाले. नवऱ्याची बाजू घ्यायची हौस तेव्हा नवी होती. भाऊ एकटाच परत गेला, आणि माझी व पोटातल्या जिवाची सगळी भिस्त त्या विटांवरच्या गाडीवर आली.

गाडी खडकीच्या एका बंगल्यातून घेतलेली. विलायती, स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सोबत मीही गेले होते. बंगल्यातले म्हातारे गृहस्थ सही करून आत गेले, ते गाडी फाटकाबाहेर निघेपर्यंत पुन्हा दिसले नाहीत. मला ते आवडलं नाही. इतकी वर्षं वापरलेल्या वस्तूला माणूस दारापर्यंत तरी येतो. आम्ही राहायचो त्या रहाटणीत रस्ता संपला तिथे ट्रकवाल्याने ती उतरवून दिली आणि पुढे आमच्या घरमालकिणीच्या बैलांनी ती ओढत आणली. या घरमालकिणीला आम्ही मावशी म्हणायचो. अर्धं गाव बघायला आलं होतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "इंजनाची गाडी बैलांनी वडायची. आता काय बोलावं."

हे कंपनीत प्रेस शॉपला फोरमन होते. पत्र्याला आकार देणारे अवजड प्रेस, तेलाच्या दाबावर चालणारे. त्यांच्या नुसत्या आवाजावरून हे बिघाड सांगायचे. कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवार गाडीचा. इंजिन उतरवलं, गंज खरवडला, दारं ठोकून सरळ केली, बाटलीच्या हिरव्या रंगाचे हात मारले. काम देखणं होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त दुसऱ्या कुणाला काही विचारायचं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

ब्रेकचं तेल काही मिळेना. पिंपरी कॅम्पातला दुकानदार आज देतो, उद्या देतो करत राहिला. एका गुरुवारी ह्यांनी डबा उघडून दाखवला. आत प्रेसचं तेल होतं. "ब्रेक म्हणजे तरी काय? पाय दाबला की नळीतलं तेल चाकापर्यंत दाब पोचवतं. आमच्या प्रेसमध्ये हेच तेल डोंगराएवढा दाब सोसतं. या चिमुकल्या ब्रेकची काय कथा?" मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण बोलणं इतकं सरळ होतं की शंका काढणं मूर्खपणाचं वाटलं.

ब्रेक लागले, आणि झकास लागले. हे मला काळेवाडीपर्यंत फिरवून आणायचे आणि वाटेत उगाचच गाडी थांबवून दाखवायचे. "बघ, कशी जागच्या जागी." दुसऱ्या आठवड्यात ब्रेक आणखी घट्ट झाले आणि हे आणखी खूश झाले. मी मात्र गाडीतून उतरताना चाकाजवळ हात नेला आणि मागे घेतला. चाक तव्यासारखं तापलं होतं.

"चाकं तापतात," मी म्हणाले.

"ब्रेकचे नवे लायनर आहेत. घासून बसतील."

मावशींनी जळका वास येतो म्हणून सांगितलं, तर त्यांनाही तेच उत्तर. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला जागा नव्हती. माहेरचा रस्ता मीच बंद केला होता. वाटायचं, आत काहीतरी चाललंय, आपल्या नकळत वाढतंय, आणि ते माझ्या पोटातलं नव्हे.

कळा सुरू झाल्या त्या गुरुवारीच, दुपारच्या जेवणानंतर. हे आनंदलेच. एवढी तयारी वाया गेली नाही, असा चेहरा. मागच्या सीटचं काम बाकी होतं, म्हणून मी पुढे बसले आणि मावशी मागे गोधडी टाकून उघड्या स्प्रिंगांवर. गाडी निघाली ती नेहमीच्या तोऱ्यात. काळेवाडीच्या अलीकडे ती जड झाली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी पुढे जायला तयार नव्हती. जळका वास आत आला. मग ती थांबली, रस्त्याच्या मधोमध, आणि काही केल्या हलेना. कुणीतरी चाकं आतून मुठीत धरावीत तशी.

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. माणूस नाही, वाहन नाही. मावशी म्हणाल्या, "पयल्या खेपेला म्हायेरीच जावं, मी बोलले व्हते." ह्यांनी पाना घेतला आणि माझ्या बाजूच्या चाकामागे उताणे पडले. मी खिडकीतून पाहिलं. धुळीत तेलाची चिळकांडी उडाली, मग धार लागली, आणि गाडीने जरा अंग सैल सोडल्यासारखं केलं. चाकं सुटली होती. हे उठले, पाना खिशात टाकला, आणि गाडी सुरू केली.

मला ब्रेकचं शास्त्र येत नव्हतं, पण डोळे होते. दाब नेणारं तेल धुळीत सांडलं होतं. ह्यांनी एकदा पाय दाबून पाहिला. तो पार फळीला टेकला आणि गाडीला पत्ताच नव्हता. पुढे पवना नदीकडचा उतार, खाली अरुंद पूल.

"ब्रेक आहेत ना?" मी विचारलं.

समोरून नजर न हलवता ते म्हणाले, "आहेत."

उतारावर त्यांनी पहिला गिअर घातला आणि डावा हात हँडब्रेकवर घट्ट ठेवला. पुलाच्या तोंडाशी म्हशी होत्या. गाडी तिरकी झाली, चाकं करकरली, आणि शेवटची म्हैस दाराला अंग घासून गेली. गुराखी ओरडला, "अवो, दमानं की." मावशी मागे देवाचं नाव घेत होत्या. कळ आली की मी हँडब्रेकवरच्या त्या हाताकडे बघत होते. बोटं पांढरी पडली होती. दवाखान्याच्या आवारात बांधकामाच्या वाळूचा ढीग होता, त्यात गाडी घालून त्यांनी ती थांबवली.

मुलगी दिवे लागायच्या आत झाली. सुखरूप झाली.

पुढच्या गुरुवारी मी अजून दवाखान्यात खाटेवरच होते. हे आले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ब्रेकमधला रबराचा वायसर होता, भिजवलेल्या पावट्यासारखा टम्म फुगलेला. "प्रेसमधलं रबर वेगळं असतं," ते म्हणाले. "हे रबर त्या तेलात फुगतं, ब्रेक लागतात ते सुटतच नाहीत. मी कुणाला विचारलं असतं तर..." त्यांनी वायसर पुन्हा रुमालात बांधला. मग पाळण्याकडे वळले.

"येताना ब्रेक नव्हते," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. तुमचा पाय दिसत होता मला."

त्यांनी मान वर केली. "मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं."

 मी ओढून धरलं नाही. खरं सांगितलं असतं तर मी काय करणार होते? उतरून ज्वारीत बसणार होते? पण ते 'आहेत' मला आत कुठेतरी लागलं होतं, आणि ते त्यांना कळलं.

गाडी पुढे विकली, खरं तेल घालून आणि घेणाऱ्याला सगळं सांगून. आता आमची वयं झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी सहज विचारते, गॅस बंद केलात का. हे हो म्हणत नाहीत. गुडघे धरून उठतात, स्वयंपाकघरात जाऊन बघून येतात, आणि मग सांगतात.