लान न जेवता थांबली होती

मंडळी, आज संध्याकाळचं सांगते. मुलगा व्हिएतनामला, हनोईत नोकरीला आहे. सून लान तिथलीच, पण डोंगराकडच्या ताय समाजातली. व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती दोघं जेवायला बसली होती आणि मी इथे भिंगारला एकटीच चहा घेत होते.

लान मोबाईलकडे बघून काहीतरी बोलली. मी आपलं "हो, हो" म्हटलं आणि नळाला पाणी न आल्याचं रडगाणं लावलं. पोरगी तशीच बसून राहिली. भाताला हात लावीना.

शेवटी मुलगा म्हणाला, "आई, ती तुला जेवायला बोलावतेय. त्यांच्यात मोठ्यांना विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. तू 'जेव' म्हण तरी!"

"मग तुझ्यासारखं व्हिएतनामी बोलली का ती?"

"नाही, तायमध्ये. इथे शहरात आमच्या ओळखीत तिची भाषा कोणालाच येत नाही, मलाही एवढं जेवायचं बोलावणंच कळतं. तुला तर दोन्ही कळत नाहीत, म्हणून तुझ्याशी ती आपल्या भाषेत बोलते."

मी घाईने म्हटलं, "जेव गं बाई, जेव!" ती हसली आणि पहिला घास घेतला.

आमचे हे गेल्यापासून मला कोणी जेवायला बोलावलेलं नाही. मघाशी ताट वाढलं आणि समोरच्या खुर्चीला म्हटलं, "या, जेवायला बसा." आता भाकरी गार होत चाललीय.

तुमच्यापैकी कोणीतरी 'जेवा' म्हणा ना.