नवतप्यात व्यालेली म्हैस

माझी म्हैस नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ जळत्या दिवसांच्या, तोंडावर व्याली. सानगडीजवळच्या आमच्या गावात त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. बोडी आटून तळाला भेगा पडल्या होत्या, त्यामुळे म्हशीला डुंबायला पाणी नव्हतं आणि खायला धानाच्या तणसाशिवाय काही नव्हतं. ती पारडी असताना माझ्या माहेरून आलेली. म्हणून घरात सगळे तिला 'तुझी म्हैस' म्हणत, विशेषतः शेण काढायची वेळ आली की.

व्याल्यावर बाराव्या दिवशी ती मुतली ते काळ्या चहासारखं. दुसऱ्या दिवशी आणखी गडद. दूध निम्म्यावर आलं आणि ती मान टाकून धापा टाकू लागली. सासू म्हणाली, नजर लागली; तिने मीठ-मिरच्या ओवाळल्या. सासऱ्यांनी सरळ दलालाला बोलावलं. मरायच्या आधी विकलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. दलाल तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, तेव्हा मी खुंट्यापाशी जाऊन तिचं दावं हातात धरलं.

सासरे म्हणाले, "तू मधात नको पडू. तुले काय समजते ढोरातलं?"

"मामाजी, शेण काढाले मी, दूध काढाले मी, अन् इकाची येळ आली का तुमी? म्हैस इकाची नाही."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर न सावरता मी पहिल्यांदाच बोलत होते. नवरा जमिनीकडे पाहत राहिला. दलाल निघून गेला.

मी ते काळपट लाल मूत कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि तालुक्याची बस धरली. शेजारच्या बाईने बाटलीत काय आहे विचारलं. मी खरं सांगितलं, तर ती उठून मागच्या सीटवर गेली.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान मुलगी होती. तिने बाटली उजेडात धरली, कधी व्याली, काय खाते, एवढंच विचारलं आणि संध्याकाळी स्कूटीवर स्वतः आली. म्हशीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून तिने मला दाखवली. आतून गुलाबी हवी, ती कागदासारखी पांढरी होती. मानेतून रक्त काढून नेलं आणि तपासून कळवलं की गोचिडांचा ताप नाही. दुधावाटे फॉस्फरस निघून गेला, तणसात तो फारसा नसतो, त्यात हे ऊन. त्यामुळे रक्तातल्या लाल पेशी आतल्या आत फुटताहेत, असं तिने समजावलं. वाचेल का, यावर ती म्हणाली, "सांगता येत नाही. पण सोडू नका."

तीन दिवस तिने शिरेतून औषध दिलं. मी हातपंपावरून पाणी आणून म्हशीच्या अंगावर ओली पोती टाकत होते, वाळली की पुन्हा. गिरणीवरून कोंडा आणला, बहिणीकडून लाखोळीच्या डाळीचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, मागून आणलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने माझ्या हातातली बादली घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी ती मुतली, तर मी ओंजळच पुढे केली. स्वच्छ पिवळं होतं. तशीच ओंजळ घेऊन मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांनी तोंड फिरवलं. मी हलले नाही. शेवटी त्यांनी पाहिलं.

दूध मात्र त्या वेतात पुन्हा वाढलं नाही. एवढं करून काय मिळालं, असं सासऱ्यांनी महिन्याभराने विचारलं. मी म्हटलं, म्हैस मिळाली.

आता ती पुन्हा गाभण आहे. डॉक्टरने सांगितलेल्या खनिज मिश्रणाची पिशवी मी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. ढोराचं खाणं माणसांच्या अन्नाजवळ नको, असं सासू रोज बजावते. पिशवी तिथेच आहे.