मी लावलेलं फाटक

फाटक मी लावलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी फ्लॅटमेट सांगेलच.

आम्ही दोघी पुण्याच्या, ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या मॉसन लेक्सला एकाच युनिव्हर्सिटीत. सेमिस्टर संपल्याबरोबर गाडी काढली आणि सरळ उत्तरेला निघालो. ॲडलेडच्या वर काही तास गव्हाची शेतं लागतात, आणि मग ती संपतात. म्हणजे अक्षरशः संपतात! फार पूर्वी एका सर्व्हेयरने घोड्यावरून फिरत, नुसती झुडपं बघत नकाशावर रेघ मारली होती: हिच्या वर पावसाचा भरवसा नाही, पेरू नका. मग काही वर्षं मस्त पाऊस पडला. लोक म्हणाले रेघ चुकली, आणि नांगर, बायका-पोरं घेऊन वर गेले. मग पाऊस थांबला. त्यांची दगडी घरं अजून उभी आहेत, छपराशिवाय.

त्याच्याही वरचा मुलूख एवढा मोठा की महाराष्ट्र आरामात मावेल. माणसंच नाहीत. तासाभराने समोरून एक गाडी येते, ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, गेला.

असंच एक घर रस्त्यापासून थोडं आत होतं. आधी पाण्याची टाकी आणि हौद, मग तारेच्या कुंपणात सताड उघडं फाटक, मग घर. चुलीच्या जागी काजळी अजून काळी. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला. वारा नाही, पक्षी नाही, नुसत्या माशा.

"चल ना गं," फ्लॅटमेट हळूच म्हणाली. "कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय."

पळालोच. पण बाहेर पडताना मी फाटक लावून साखळी अडकवली. पुण्यात प्रत्येक बंगल्यावर 'कृपया फाटक लावून घ्यावे' वाचत वाढलेले हात माझे. "विसरलं बघ कोणीतरी," मी म्हटलं.

"शहाणी गं माझी बाई," ती म्हणाली.

मुक्काम नव्वद किलोमीटर पुढे, एका पेट्रोल पंपामागे. सकाळी तिथल्या आजीबाईंनी कॉफी ओतता ओतता विचारलं, "ते घर बघितलंत? फाटक होतं तसंच ठेवलंत ना?"

"उघडं होतं, मी लावून आले!" मी एकदम खूश.

त्यांचा हात थांबला. "पाणी फाटकाच्या अलीकडे आहे, डार्लिंग. गुरं पलीकडे. काल बेचाळीस डिग्री होतं."

काल एकही गाय दिसली नव्हती. दुपारची गुरं लांब कुठेतरी सावलीला असतात आणि संध्याकाळी पाण्यावर येतात, हे मला कोण सांगणार? आजींनी गुरांच्या मालकाला फोन लावला. तो आमच्यापेक्षा कितीतरी लांब होता, म्हणून आम्हीच गाडी उलटी फिरवली.

"मेली असतील का गं?" मी गाडीत विचारलं.

"रस्ता बघ."

"सांग ना."

"रस्ता बघ म्हटलं ना!"

मला वाटलं होतं हंबरडे ऐकू येतील. काहीच नाही. चाळीसेक गुरं फाटकाला तोंड करून, अंगाला अंग लावून उभी. सगळी आमच्याकडे बघत, आणि आवाज शून्य. साखळीने बोटं भाजली. फाटक उघडलं तरी क्षणभर कोणी हललं नाही. मग एकामागून एक, आम्हाला घासून, हौदाकडे गेली.

एक गाय आली नाही. ती घराच्या आत उभी होती, भिंतीच्या सावलीत, पायाशी आडवं पडलेलं वासरू. आम्ही कॅनमधलं पाणी आमच्या खिचडीच्या कुकरमध्ये ओतलं.

"पी रे बाळा," फ्लॅटमेट रडत म्हणत होती. "पी ना रे."

त्याने नाक बुडवलं, फुरफुरलं. दुसऱ्यांदा प्यायलं. खूप वेळाने उठलं, पाय लटलटत.

मग गाय बाहेर निघाली. तिचा खूर उंबऱ्याच्या त्या झिजलेल्या खोलगट जागेत बरोब्बर बसला. वासराचाही. त्या घरात माणसं थोडीच वर्षं राहिली होती, आणि ही गुरं किती वर्षं!

गाडी फाटकाबाहेर काढली. फाटक लावायला उतरावं म्हणून माझा हात आपोआप गाडीच्या दाराच्या खटक्याकडे गेला.

"बस गं," फ्लॅटमेट म्हणाली.

बसले.